मूल अठरा वर्षांचे झाले की दवाखान्याचे दार आईला बंद होते का?

आपल्या घरांतून एक वाक्य नेहमी ऐकू येते : मूल कितीही मोठे झाले तरी आईबापांना ते लहानच. हे वाक्य मायेचे आहे. कायद्याला मात्र ते मान्य नाही. अठरावा वाढदिवस झाला की मूल प्रौढ झाले. मग त्याच्या प्रकृतीची माहिती त्याची स्वतःची. ती त्याच्या संमतीवाचून इतरांना सांगू नये, अगदी आईलासुद्धा, हा सर्वसाधारण नियम. धडधाकट, शिकलेल्या मुलाच्या बाबतीत तो योग्यच आहे. परंतु ज्या मुलाला औषधाचे नाव वाचता येत नाही, आपल्याला काय होते ते नीट सांगता येत नाही, त्याच्या वतीने डॉक्टरांना विचारायचे कोणी?

हा प्रश्न माझ्या थोरल्या बहिणीच्या घरात उभा राहिला. ताई लग्नानंतर इंग्लंडला गेली, ती तिकडचीच झाली. ती एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, भाऊजी बस चालवतात. आपल्या बेटावरील कितीतरी घरांचे कोणी ना कोणी इंग्लंडमध्ये आहे. म्हणून तिची हकीकत, आणि त्या निमित्ताने मला जे समजले ते, वाचक बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

डब्यातले पत्र

माझ्या भाच्याला जन्मापासून बौद्धिक अपंगत्व आहे. सात वर्षांचा असताना त्याला फिट येऊ लागल्या. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ गोळ्या चालू आहेत. मुलगा हसरा आहे. गणपतीच्या आरतीला झांज त्याच्याच हातात लागते, दुसऱ्या कोणी घेतलेली चालत नाही. त्याला वाचता येत नाही, पण पाकिटावरचे स्वतःचे नाव तो बरोबर ओळखतो.

लहानपणापासून तो मुलांच्या विभागात जात असे. तेथील डॉक्टर ताईला ओळखत, सर्व काही तिच्याशीच बोलत. अठरा वर्षे पूर्ण झाली आणि त्याचे कागद मोठ्या माणसांच्या विभागात गेले. नवे डॉक्टर, नवी खिडकी, नवी माणसे. एकदा जाऊन रक्त तपासायला देऊन आले. नंतर काही कळले नाही. तिकडे मुलगा दिवसेंदिवस सुस्त होऊ लागला. जेवता जेवता डोळे मिटू लागला. चालताना त्याचा तोल जाऊ लागला.

ताईने फोन केला. पलीकडून सभ्यपणे उत्तर आले, "आम्हाला रुग्णाशीच बोलावे लागेल." ताईने फोन मुलाच्या कानाला लावला. त्याला जन्मतारीख विचारली. 'बर्थडे' हा शब्द ऐकून तो खूश झाला आणि केक मागू लागला. फोन परत ताईकडे आला, आणि उत्तर तेच : क्षमा करा, तो प्रौढ आहे.

पुढल्या आठवड्यात त्याची खोली आवरताना बिस्किटांचा एक जुना डबा तिच्या हाती लागला. नाताळची कार्डे, बसची तिकिटे, आणि त्यांच्यामध्ये दवाखान्याचे पत्र. तीन आठवड्यांपूर्वीचे. पाकिटावर त्याचे नाव होते, म्हणून पोस्टमनने टाकल्याबरोबर त्याने ते उचलून आपल्या खजिन्यात ठेवले होते. आत लिहिले होते : रक्तात औषधाचे प्रमाण वाढलेले आहे, सकाळची मात्रा कमी करावी आणि रक्त पुन्हा तपासून घ्यावे.

नशिबाने फार मोठे काही घडले नाही. मात्रा कमी झाली, सुस्ती गेली. परंतु ताई मला म्हणाली, "तीन आठवडे मी स्वतःच्या हाताने त्याला जास्त औषध देत होते. आणि सांगणारे पत्र माझ्याच घरात होते."

गेल्या वर्षी आपल्याकडच्या थंडीच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेले होते. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी काम करणारी एक अनुभवी परिचारिका त्या दिवसांत तिच्या घरी येत असे. तिच्याकडून आम्ही दोघी बहिणींनी हा विषय विद्यार्थिनींसारखा वही घेऊन समजावून घेतला.

कायदा काय म्हणतो

इंग्लंड आणि वेल्समध्ये या विषयाचा मुख्य कायदा म्हणजे २००५ सालचा मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्ट. तो २००७ पासून अमलात आला आणि सोळा वर्षांवरील व्यक्तींना लागू होतो. स्कॉटलंडचा कायदा निराळा आहे, तो २००० सालचा.

या कायद्याच्या आरंभीच पाच तत्त्वे दिलेली आहेत. पहिले, प्रत्येक माणसाला निर्णय घेता येतो असेच धरून चालावे. येत नाही हे म्हणणाऱ्याने दाखवून द्यावे. दुसरे, त्याला समजावे म्हणून शक्य ते सर्व प्रयत्न केल्याशिवाय त्याला निर्णय घेता येत नाही असे म्हणू नये. तिसरे, एखाद्याचा निर्णय शहाणपणाचा नाही एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असे ठरत नाही. चौथे, ज्याला निर्णय घेता येत नाही त्याच्यासाठी जे काही करायचे ते त्याच्या हिताचेच असावे. पाचवे, ते करताना त्याच्या स्वातंत्र्याला कमीत कमी धक्का लागावा.

निर्णयक्षमता कशी पाहायची? माणसाला माहिती समजते का, निर्णय होईपर्यंत ती लक्षात राहते का, तिचा उपयोग करून बरे-वाईट तोलता येते का, आणि आपला निर्णय बोलून, खुणेने किंवा अन्य प्रकारे सांगता येतो का, या चार गोष्टी पाहायच्या. महत्त्वाचे म्हणजे हे प्रत्येक निर्णयासाठी वेगळे पाहायचे. "याला काही कळत नाही" असा एकच शिक्का आयुष्यभरासाठी मारता येत नाही.

आम्हा शिक्षकांना ही गोष्ट नवी नाही. एखादे मूल तोंडी हिशेब झटकन करते आणि पाटीवर मांडायला सांगितले की गोंधळते. त्याला गणित येते की येत नाही, याचे एका शब्दात उत्तर नसते. प्रशिक्षणात आम्हाला असेही शिकवले होते की धडा झाल्यावर "समजले का?" असे कधी विचारू नये, सगळा वर्ग "हो" म्हणतो. माझा भाचाही प्रत्येक प्रश्नाला "हो" म्हणतो. तो "हो" समजल्याचा आहे की समोरच्या माणसाला खूश करण्याचा, हे घाईत असलेल्या माणसाला ओळखता येत नाही.

आईचे स्थान कोठे?

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. फॉर्मवर 'जवळचे नातेवाईक' या रकान्यात आईचे नाव लिहिलेले असते. पुष्कळांना वाटते की त्यामुळे आईला अधिकार मिळतो. तसे नाही. प्रौढ मुलाच्या उपचाराला त्याच्या वतीने संमती देण्याचा अधिकार केवळ नात्यामुळे मिळत नाही, मग ती आई असो की बाप, नवरा की बायको.

परंतु हे अर्धेच सत्य झाले, आणि खिडकीवर बहुधा एवढेच अर्धे सांगितले जाते. उरलेले अर्धे असे. मुलाला एखादा निर्णय घेता येत नसेल, तर त्याच्या हिताचे काय हे ठरवणाऱ्या डॉक्टरांनी, शक्य आणि योग्य असेल तेव्हा, त्याची काळजी घेणाऱ्यांचे आणि त्याच्या हिताविषयी आस्था असणाऱ्यांचे म्हणणे विचारात घेतले पाहिजे, असे याच कायद्याच्या चौथ्या कलमात सांगितले आहे. आता, आईला काहीच न सांगता तिचे मत विचारणार कसे? तेव्हा त्या निर्णयापुरती आवश्यक माहिती तिला देणे ओघानेच आले. ब्रिटनमधील डॉक्टरांची नोंदणी व नियमन करणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिलचे मार्गदर्शनही तसेच आहे. रुग्णाला स्वतः ठरवता येत नसेल, तर त्याच्या हितासाठी जवळच्या माणसांना आवश्यक ती माहिती देता येते. शिवाय घरच्या माणसाचे म्हणणे ऐकून घ्यायला गोपनीयतेची कोणतीही आडकाठी नाही. डॉक्टर सांगू शकत नसले तरी ऐकू तर शकतात!

त्या परिचारिकेने ताईला एकच गोष्ट सांगितली, ती मी वहीत अधोरेखित करून ठेवली आहे. ती म्हणाली, "तुम्ही फोनवर 'मी आई आहे' एवढेच म्हणालात. ते खरे आहे, पण पुरेसे नाही. यापुढे असे विचारा : माझ्या मुलाला हे स्वतः ठरवता येते का, हे तुमच्याकडे कोणी पाहिले आहे का? केव्हा पाहिले? येत नसेल, तर त्याच्या हिताचा निर्णय कोण घेणार आहे, आणि ती व्यक्ती माझ्याशी केव्हा बोलणार?"

ताईने पुढचा फोन असाच केला. दोन दिवसांत डॉक्टरांचा स्वतःहून फोन आला. ताईने आवाज चढवला नव्हता, फक्त प्रश्न बदलला होता.

न ऐकल्याचे परिणाम

ही केवळ मानापमानाची बाब नाही. इंग्लंडमधील दोन घटना सर्वांना माहीत आहेत. कॉनर स्पॅरोहॉक हा अठरा वर्षांचा मुलगा. त्याला बौद्धिक अपंगत्व होते आणि फिट येत असत. २०१३ साली त्याला ऑक्सफर्डमधील एका उपचार केंद्रात ठेवले होते. त्याला तेथे फिट आली असावी अशी शंका त्याची आई सारा रायन हिने तेथील लोकांना कळवली होती. त्या वर्षीच्या ४ जुलैला तो एकटा अंघोळ करीत असताना फिट आली आणि तो टबमध्ये बुडून मरण पावला. २०१५ साली चौकशीत ज्यूरीने हयगय हेही मृत्यूचे एक कारण ठरवले. पुढे २०१८ मध्ये केंद्र चालवणाऱ्या संस्थेला, याच्या आणि आणखी एका मृत्यूबद्दल मिळून, वीस लाख पौंड दंड झाला.

दुसरा ऑलिव्हर मॅकगोवन. तोही अठराच वर्षांचा. त्याला स्वमग्नता होती आणि फिटही येत. मानसिक आजारावरच्या विशिष्ट औषधांनी त्रास होतो, ती देऊ नका, असे त्याने स्वतः सांगितले होते, आईवडिलांनीही सांगितले होते. तरी तसे औषध दिले गेले आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये तो गेला. त्याची आई पॉला मॅकगोवन हिने दुःख गिळून मोहीम चालवली. २०२२ च्या आरोग्य कायद्याने इंग्लंडमधील आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांना बौद्धिक अपंगत्व आणि स्वमग्नता यांविषयीचे प्रशिक्षण आवश्यक केले. त्या प्रशिक्षणाला ऑलिव्हरचेच नाव आहे.

या दोन्ही आयांनी मागितले होते ते एवढेच, की आमच्याजवळ असलेली माहिती ऐका. माहितीचा रस्ता दोन्ही बाजूंनी चालू असावा लागतो. पंधरा-वीस वर्षे मुलाच्या उशाशी जागलेल्या आईला जे ठाऊक असते, ते कोणत्याही कागदात नसते.

न्यायालयात जावे का?

ताईने हाही प्रश्न विचारला. इंग्लंडमध्ये कोर्ट ऑफ प्रोटेक्शन नावाचे वेगळे न्यायालय आहे. ते प्रौढ मुलासाठी आईवडिलांना डेप्युटी म्हणून नेमू शकते. पैशाच्या व्यवहारासाठी अशी नेमणूक नेहमी होते. आरोग्य आणि राहणीमान यांसाठी मात्र क्वचितच होते. २०१९ साली तीन कुटुंबांतील पालक हा प्रश्न घेऊन त्या न्यायालयात गेले होते. न्यायाधीशांच्या निर्णयाचा सारांश असा : केवळ अतिशय कठीण प्रकरणातच नेमणूक करावी असे बंधन नाही, पण मूल अपंग आहे म्हणून आईवडिलांना हा अधिकार आपोआप मिळावा असेही नाही. प्रत्येक प्रकरण त्याच्या परिस्थितीनुसार पाहावे. कारण बहुतेक निर्णय डॉक्टर आणि कुटुंब यांनी एकत्र बसून घेता येतात, आणि कायद्याला तेच अभिप्रेत आहे.

ज्या मुलाला 'माझ्या वतीने आई ठरवील' याचा अर्थ समजतो, ते अठराव्या वर्षानंतर आईच्या नावे लास्टिंग पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी हे अधिकारपत्र करू शकते. समजत नसेल तर ते करता येत नाही.

परंतु या दोन्हींच्या आधी करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्याला वकील लागत नाही. तिकडे नातेवाईक असलेल्या वाचकांनी त्यांना हे अवश्य कळवावे.

पहिली गोष्ट, अठरावा वाढदिवस उजाडण्याची वाट पाहू नये. मुलांच्या विभागात असतानाच, पुढे कोणाशी बोलायचे हे लिहून घ्यावे. दुसरी, फॅमिली डॉक्टरकडे बौद्धिक अपंगत्व असलेल्यांची यादी असते, तीत मुलाचे नाव आहे का ते पाहावे. इंग्लंडमध्ये या यादीतील व्यक्तींची चौदाव्या वर्षापासून दरवर्षी संपूर्ण तपासणी केली जाते. तिसरी, २०१६ पासून तेथील सरकारी आरोग्यसेवेवर असे बंधन आहे की रुग्णाला आणि त्याची काळजी घेणाऱ्याला समजेल अशा प्रकारे माहिती द्यावी आणि तशी गरज असल्याची नोंद ठेवावी. "याला वाचता येत नाही, पत्राची एक प्रत आईला पाठवा" ही नोंद करून घ्यावी. चौथी, मुलाची सर्व माहिती एका वहीत लिहून ठेवावी : औषधे, मात्रा, कशाने त्रास होतो, दुखले तर तो कसे दाखवतो, कशाने शांत होतो. रुग्णालयात जाताना ही वही बरोबर असावी. तिकडे याला हॉस्पिटल पासपोर्ट म्हणतात. पाचवी, तरीही कोणी दाद दिली नाही, तर सरकारी रुग्णालयांत रुग्णांना सल्ला देणारा आणि त्यांच्या अडचणी सोडवणारा विभाग असतो, तेथे जावे.

मुलाला विचारले का?

या सगळ्यात एक गोष्ट ताईच्या मनाला थोडी लागली. ती सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही.

परिचारिकेने एके दिवशी भाच्यासमोर चित्रे मांडली. एका चित्रात डॉक्टर आणि मुलगा, दुसऱ्यात डॉक्टर, मुलगा आणि आई. तिने विचारले, "डॉक्टर तपासतात तेव्हा आई हवी?" त्याने बराच वेळ पाहिले आणि पहिले चित्र उचलले. आई नको! तिने चित्रे उलटसुलट करून, वेगळ्या दिवशी पुन्हा विचारले. उत्तर तेच. कपडे काढून तपासताना त्याला आई नको होती. ताईचा चेहरा उतरला. रात्री चहा करताना मला म्हणाली, "अठरा वर्षे त्याला अंघोळ घातली गं मी." मी काय बोलणार? थोड्या वेळाने तीच म्हणाली, "पण त्याला लाज वाटते, म्हणजे तो मोठा झाला. आपल्याला कोणी विचारलेच नव्हते की तो मोठा झाला का."

मग पत्राचे चित्र दाखवून विचारले, "पत्र आईने वाचायचे?" तो उठला, डबा घेऊन आला, त्यातले पत्र काढून ताईच्या हातात दिले आणि म्हणाला, "वाच." म्हणजे ज्याला औषधाची मात्रा समजत नाही, त्याला आपले पत्र कोणी वाचावे हे समजत होते. आरंभीच कोणी असे विचारले असते तर तीन आठवडे वाया गेले नसते.

आणि आपल्या बेटावर?

येथे मॉरिशसमध्येही अठराव्या वर्षी माणूस प्रौढ होतो. आपली दिवाणी संहिता फ्रेंच मुळाची. प्रौढ व्यक्तीसाठी न्यायालयामार्फत पालक नेमण्याची जुनी पद्धत तिच्यातून चालत आलेली आहे. अपंगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा २००६ सालचा करारही आपल्या देशाने २०१० मध्ये मान्य केला. त्याच्या बाराव्या कलमात, अपंग व्यक्तीला निर्णय घेण्यासाठी आधार द्यावा असे सांगितले आहे.

परंतु रोजच्या व्यवहारात आपल्याकडे चित्र उलटे दिसते. दवाखान्यात आई, काकी, मावशी असे चौघे जण बरोबर जातात. सगळ्यांना सगळे सांगितले जाते. माझ्या पाहण्यात तरी आईला कोणी अडवले नाही. मात्र बाकावर बसलेल्या पंचवीस वर्षांच्या मुलाकडे कोणी पाहतही नाही. त्याच्या डोक्यावरून सगळे बोलणे होते. तिकडे आईला कोणी सांगत नव्हते, इकडे मुलाला कोणी विचारीत नाही. दोन्हीकडे एक खुर्ची रिकामीच राहते.

आणखी एक विचार. आज आपण आहोत, उद्या नसू. मुलाची औषधे, त्याच्या खुणा, त्याच्या आवडीनिवडी जर एकट्या आईच्या डोक्यात असतील, तर तिच्यामागून भावाला किंवा वहिनीला डॉक्टरांशी काय बोलायचे हे कळणार कसे? म्हणून ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी आजच दोनशे पानांची एक साधी वही आणावी. आईला लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या भाच्या-पुतण्याकडून लिहून घ्यावे. आणि लिहिताना त्या मुलाला शेजारी बसवावे. ती वही त्याची आहे.

ताईकडे आता दवाखान्याची दोन पत्रे येतात. एक तिच्या नावाचे, ते ती वाचते. दुसरे भाच्याच्या नावाचे, मोठ्या अक्षरांत आणि चित्रांसह. ते ताई त्याला वाचून दाखवते, आणि मग तो ते आपल्या डब्यात ठेवतो.